रुजू झाल्याची तारीख

नव्या शिक्षकाच्या नोकरीचा आरंभ आपल्याकडे ज्या शब्दाने दप्तरात नोंदला जातो, तो 'रुजू' हा शब्द मूळचा अरबी असून फार्सीच्या वाटेने मराठी कारकुनी भाषेत येऊन स्थिरावला. आणि उच्चाराने त्याच्या सख्ख्या भावंडासारखा वाटणारा, परंतु कुळाने अगदी निराळा असा 'रुजणे' हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडचा आहे. अमुक इसम अमुक तारखेस माध्यान्हपूर्व रुजू झाला, एवढे सेवापुस्तक सांगते. तो त्या गावात कधी रुजला, अथवा रुजलाच नाही, यासाठी त्या पुस्तकात रकाना नसतो. महाराष्ट्रातील शाळामास्तराचा इतिहास शाळाखात्याचे अहवाल, परीक्षांचे नियम आणि अनुदानाचे आकडे यांच्या आधाराने लिहिला जातो, व तो तसा लिहिला जाणे अपरिहार्यही आहे. तथापि त्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग मला या दोन क्रियांमधल्या अंतरात दडलेला वाटतो, म्हणजे नवखा मास्तर वळकटी घेऊन गावात पाऊल टाकतो तेव्हापासून मुले त्याला आपला म्हणू लागतात तोवरच्या दिवसांत.

जुन्या पंतोजीला रुजू होण्याची तारीखच नव्हती. एखाद्या सावकाराच्या वाड्याची ओसरी, देवळाची ओवरी किंवा धर्मशाळेचा कोपरा, एवढी जागा त्याला पुरे. गावानेच त्याला ठेवून घेतलेले, मुलामागे महिना काही पैसे किंवा आणे, सुगीला धान्य आणि सणावारी शिधा, हे त्याचे वेतन. धुळपाटीवर अक्षर घोटून घ्यावे, मोडीचा कित्ता गिरवून घ्यावा, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची रांग मुखोद्गत करवावी आणि दिवेलागणीला परवचा म्हणवून घ्यावा, इतके त्याचे काम; छापील पुस्तक त्याच्या शाळेत नव्हते, आणि व्यवहारापुरता हिशेब व पत्र लिहिता आले की मुलाचे शिक्षण पुरे झाले, असे बापालाही वाटे. छडी, अंगठे धरून ओणवे उभे करणे आणि त्याहूनही कठोर शिक्षा तेथे नित्याच्या होत्या, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या चौकशीतून निघालेल्या आकड्यांप्रमाणे १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यात अशा व सरकारी मिळून सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० विद्यार्थी होते, म्हणजे शाळेमागे वीस-एकवीस मुले. त्यांत मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य गणलेल्या घरांतील मुलांना ती ओसरी चढताच येत नव्हती. एवढ्या लहान शाळेत पंतोजीला सहकारी कोठून असणार? जो मुलगा वयाने मोठा आणि पाढ्यांत पक्का, तोच त्याचा दुय्यम; तोच धाकट्यांना घोकून घेई, आणि पंतोजी कोणाच्या घरी पंचांग पाहायला किंवा रोख्याचा मजकूर लिहायला गेला तर शाळाही तोच सांभाळी.

या व्यवस्थेत परगावचा, परक्याने नेमलेला आणि परक्याच्या खजिन्यातून पगार घेणारा मास्तर प्रथम शिरला तो १८२० नंतरच्या दशकात. एल्फिन्स्टनने १८२३ च्या डिसेंबरात शिक्षणाविषयीचे आपले टिपण लिहिले. त्याच्या आगेमागे मुंबईत स्थापन झालेल्या आणि पुढे 'बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने प्रसिद्धीस आलेल्या मंडळीने, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली, देशी भाषांत गणिताची व वाचनाची पुस्तके करवून घेतली आणि ती शिकवू शकतील असे मास्तर तयार करण्याचे काम हाती घेतले. १८२६ च्या सुमारास त्यातून २४ जणांची पहिली तुकडी, काही मराठी मुलुखासाठी आणि काही गुजरातीसाठी, जिल्ह्यांच्या ठाण्यांकडे रवाना झाली. या चोवीस माणसांचा विचार मनात आला की मला त्यांच्या धैर्याचे नवल वाटते. त्यांच्या पाठीशी गुरुपरंपरा नव्हती. त्यांनी जे केले तेच पुढे परंपरा व्हायचे होते. गावात पंतोजी आधीच बसलेला, त्याला लोक ओळखणारे, त्याचे मुलांवर वजन. आणि हा नवा माणूस छापील बाळबोध पुस्तक काढून त्यातली गोष्ट वाचायला सांगतो, ज्या बाळबोधाचा पोथीबाहेर कोणालाच उपयोग नाही, कारण खत, कबाला, वसुलाची पावती, सावकाराची वही हे सारे मोडीत. मुलाला व्यवहारात काय येईल, हा बापाचा प्रश्न रास्त होता, आणि अखेर खात्यालाही तो मान्य करावा लागला. पुढे मोडी वाचनाची स्वतंत्र पुस्तके निघाली ती या गरजेपोटीच. नव्या मास्तराला पहिला धडा असा विद्यार्थ्यांच्या पालकांनी दिला.

सहकारी ही कल्पनादेखील याच बदलातून जन्मली. शाळेचे वर्ग पडले, इयत्ता ठरल्या, हेडमास्तर आणि असिस्टंट असे दर्जे आले, तेव्हाच एका छपराखाली दोन शिक्षकांना एकमेकांशी जुळवून घेण्याची पाळी आली. तत्पूर्वी आपल्या धंद्याचे दुसरे माणूस पंतोजीला क्वचितच भेटत असे. शिक्षक घडवण्याच्या वर्गांनी हे नाते अधिक दृढ केले. १८४५ मध्ये मुंबईच्या नॉर्मल वर्गाची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. दुसऱ्याच वर्षी त्यांचे अकाली निधन झाले आणि दादोबा पांडुरंगांनी ते काम चालवले. १८६५ मध्ये पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद कृष्णशास्त्री चिपळूणकरांकडे आले. त्यांच्या हातचे 'शालापत्रक' खेडोपाडीच्या मास्तरांपर्यंत जाई, आणि ज्याच्या दहा कोसांत बोलायला समव्यवसायी नाही अशा माणसाला ते मासिक म्हणजे टपालाने येणारा सहकारीच वाटत असला पाहिजे. या कॉलेजांतून बाहेर पडलेला तरुण नव्या रीती घेऊन खेड्यात जाई. प्रत्यक्ष वस्तू मुलांपुढे ठेवून तिच्यावर प्रश्न विचारण्याच्या रीतीला तेथे 'वस्तुपाठ' म्हणत. आज आपण आदर्श उदाहरण या अर्थाने तो शब्द सर्रास वापरतो आणि तो एके काळी कणीस, कापूस किंवा चुन्याचा खडा हातात धरून उभ्या असलेल्या मास्तराचा शब्द होता, हे विसरतो.

परंतु नव्या शिक्षकाच्या पहिल्या दिवसांचा विचार करताना ज्या एका व्यक्तीपाशी थांबल्यावाचून पुढे जाता येत नाही, ती व्यक्ती कोणत्याही सरकारी पटावर रुजू झालेली नव्हती. सातारा जिल्ह्यातील नायगावी १८३१ मध्ये जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यातील मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या, तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकले जाई, आणि म्हणून शाळेत पोचल्यावर नेसायला त्या दुसरे लुगडे जवळ ठेवीत, ही आठवण त्यांच्या परिचयातील माणसांनी सांगून ठेवली आहे. पुढल्या वर्षी पतिपत्नींना सासऱ्यांचे घर सोडावे लागले. शिक्षकाची कसोटी वर्गात लागते असे आपण मानतो. सावित्रीबाईंची ती वर्गाच्या वाटेवर लागली. घरापासून वाड्यापर्यंतच्या त्या थोड्या अंतराने त्यांच्याकडून रोज जे मागून घेतले, तेवढे कोणत्या परीक्षेने कोणाकडून मागितले असेल? आणि त्यांच्या सहकाऱ्यांविषयी विचार करताना मला त्यांचे १८५६ च्या ऑक्टोबरात माहेराहून पती जोतिरावांना लिहिलेले पत्र आठवते: स्वतः आजारातून उठत असताना त्यांना काळजी लागली आहे ती आपल्यामागे सहशिक्षिका फातिमेवर कामाचा भार पडला असेल याची, आणि ती कुरकुर करणार नाही असा भरवसाही त्या त्याच ओळीत व्यक्त करतात. दोन शिक्षिकांच्या परस्पर विश्वासाचा इतका जुना आणि इतका साधा उल्लेख मराठीत दुसरा माझ्या पाहण्यात नाही. सरकारी फीमेल ट्रेनिंग कॉलेज पुण्यात निघाले ते १८७० मध्ये, म्हणजे या दोघी कामाला लागल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने.

वुडच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर शाळाखाते उभे राहिले, आणि १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला, त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे वळला. खेड्यात शाळा निघाल्या त्या प्रायः या पैशावर, म्हणजे ज्याचा मुलगा पुष्कळदा शाळेत येतच नव्हता त्या कुणब्याच्या पैशावर. मास्तर होण्याचा दरवाजा मात्र परीक्षेचा होता. मराठी सहाव्या इयत्तेनंतरची पब्लिक सर्व्हिस परीक्षा पास झाल्याखेरीज कारकुनी वा मास्तरकी मिळत नसे, आणि त्या परीक्षेचे स्थान तालुक्याच्या गावी नसून फार दूर असे. धोंडो केशव कर्व्यांनी आपल्या आत्मवृत्तात ही हकीकत लिहिली आहे. १८७५ साली कोकणातल्या मुरुडहून ते आणि त्यांचे काही सोबती परीक्षेसाठी निघाले. पावसाळी हवेमुळे समुद्रमार्ग बंद, तेव्हा ओझी पाठीवर घेऊन घाट चढून शंभराहून अधिक मैलांची वाट तुडवीत ही पोरे साताऱ्यास पोचली. आणि तेथे परीक्षकांनी धोंडोपंतांच्या किरकोळ अंगकाठीकडे पाहून, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना बसूच दिले नाही. पुढल्या वर्षी कोल्हापुरास जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली. पुढे पंधरा वर्षांनी, टिळक बाहेर पडल्यावर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला जे अध्यापक बोलावले गेले, ते हेच. मास्तरकीच्या उंबरठ्यावरून वयासाठी परत पाठवलेल्या त्या मुलाची परतीची पायपीट मला त्यांच्या सर्व पुढच्या कीर्तीइतकीच लक्षात राहते, कारण ज्यांचे पुढे काही नाव झाले नाही अशा शेकडो मुलांनी तीच वाट चालून मास्तरकी मिळवली होती.

मास्तरकी मिळाल्यावर काय होई? हुकूम हाती पडला की वळकटी, पत्र्याची पेटी आणि तांब्या घेऊन नवा मास्तर बैलगाडीने किंवा पायी गावी येई आणि प्रथम पाटील-कुळकर्ण्यांच्या भेटीला जाई. राहायला देवळाची ओवरी, कोणाची पडवी किंवा शाळेचाच एक आडोसा. ब्राह्मण असला तर सोवळ्याओवळ्याची पंचाईत, आणि खालच्या मानलेल्या जातीचा असला तर पाण्यापासूनच अडचण, कारण पाणवठ्यावर त्याच्या हुकुमाचा कागद कोणी वाचीत नसे. मग चार्ज. जडसंग्रहाच्या वहीबरहुकूम टेबल, खुर्ची, फळा, घंटा, भिंतीवरचा नकाशा मोजून ताब्यात घ्यायचे. मोजून घेतलेली वस्तू पुढे हरवली तर भरपाई आपल्याकडे, हे ज्ञान त्याला बहुधा पहिल्या बदलीच्या वेळी होई. आणि मग हजेरी. पटावर 'पांडुरंग' म्हणून जे नाव वाचले जाई, त्याला गावात त्या नावाने कोणीच ओळखीत नसे. स्वतः पांडुरंगसुद्धा हाकेला ओ देत नसे, कारण घरी, रानात, तालमीत तो पांड्या होता. पटावरची नावे आणि गावातली नावे यांची सांगड घालण्यात नव्या मास्तराचे पहिले पंधरा दिवस जात, आणि ज्या दिवशी त्याने एखाद्याला न चुकता घरच्या नावाने हाक मारली, त्या दिवसापासून वर्गातला अवघडलेपणा ओसरू लागे, असे जुन्या मास्तरांच्या आठवणींतून पुनःपुन्हा जाणवते.

एकशिक्षकी शाळेत तर बिगरीपासून चौथीपर्यंतचे वर्ग एकाच खोलीत. एकीकडे बाराखडी, दुसरीकडे त्रैराशिक, तिसरीकडे भूगोल. हे सारे एका माणसाने एका वेळी चालवायचे म्हणजे पंतोजीचीच जुनी युक्ती नव्या मास्तराला कामाला लावावी लागे, आणि चौथीतला एखादा जाणता पोर बिगरीसमोर छडी घेऊन उभा राही. कॉलेजात शिकलेल्या अध्यापनपद्धतीत या प्रसंगाची तयारी फारशी नव्हती. पेरणी-कापणीच्या दिवसांत निम्मा पट रानात. गुरे वळणारा मुलगा दुपारनंतर येई किंवा मुळीच येत नसे. मास्तराला घरोघर जाऊन मुले गोळा करावी लागत, आणि ज्या घरात तो हजेरीसाठी म्हणून उंबऱ्यापाशी उभा राही, त्या घरातली बाई त्याच्यापुढे मुलाच्या तक्रारीऐवजी मुंबईहून आलेले न वाचलेले पत्र ठेवी.

या पत्रांपाशी मी थोडा रेंगाळणार आहे. पुष्कळ खेड्यांत पोस्टाचे कामही शाळामास्तराकडेच असे. रत्नागिरी जिल्ह्यासारख्या भागात, जेथे घरचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत चाकरमानी, तेथे मास्तर मनिऑर्डरीचे पैसे मोजून देई, पत्र वाचून दाखवी आणि उत्तरही लिहून देई. कोणाच्या मुलाचे लग्न ठरले, कोणाचे पैसे तीन महिने आले नाहीत, कोणी मुंबईत दुसरा संसार मांडला, हे गावात सर्वांआधी ज्याला कळे आणि ज्याने ते कोणापाशी बोलायचे नसे, तो हा नवखा परका माणूस. गावाचा विश्वास त्याला त्याच्या इतिहास-भूगोलाने क्वचितच मिळाला असेल. तो या मौनाने मिळाला. आणि त्याच बाईचा मुलगा दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन वेळेवर हजर झालेला दिसे.

हे काम मास्तराला देण्यातले शहाणपण जोतिराव फुल्यांनी फार स्पष्ट ओळखले होते. शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे १८८२ च्या ऑक्टोबरात सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकांची स्थिती तपशिलाने मांडली: शिक्षक शेतकरी वर्गांतून यावेत, जे मुलांत मोकळेपणाने मिसळतील आणि वेळ आली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यात ज्यांना कमीपणा वाटणार नाही, शिकून तयार झालेल्याला महिना निदान बारा रुपये मिळावेत, आणि गावचा हिशेबतपासनीस, दस्तनोंदणी, पोस्टमास्तर, स्टॅंपविक्री अशी कामे जोडून देऊन त्याला गावच्या अंमलदारांच्या बरोबरीला आणावे. हा मजकूर वाचताना मला नेहमी वाटते की, तो लिहिणाऱ्याने नव्या मास्तराला गावात उभे राहताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पगार थोडा, मान कमी आणि जातीचे अंतर मोठे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे चांगला माणूसही मुलांपासून तुटतो, हे त्यांनी हेरले होते. वार्षिक तपासणीवरही त्यांचा विश्वास नव्हता. पूर्वसूचना न देता, वर्षातून अनेकदा शाळा पाहाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या वार्षिक तपासणीला खेड्यात 'दिपोटी आले', म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर आले, असे म्हणत. दिपोटी साहेबांचा मुक्काम कळला की शाळा सारवली जाई, मुलांना धुतलेले सदरे घालून यायची ताकीद मिळे, आणि शेरेबुकात ते काय लिहितील या चिंतेने नवा मास्तर रात्रभर जागा असे, कारण त्याची बढती, बदली आणि कायमपणा त्या चार ओळींवर. अशा वेळी दोनशिक्षकी शाळेतल्या वडीलधाऱ्या हेडमास्तराची किंमत त्याला कळे. बाहेरून पाहता या दोघांत नेहमीचा बेबनाव: एक अनुभवी पण बिनट्रेंड, दुसरा ट्रेंड पण कोवळा, एक म्हणे पाढे आधी, दुसरा म्हणे समज आधी. पण दिपोटी पाढ्यांवरच येणार हे म्हाताऱ्याला ठाऊक असे, आणि तो तपासणीच्या आदल्या आठवड्यात काही न बोलता नव्या मास्तराचा वर्ग संध्याकाळी थांबवून स्वतः परवचा म्हणून घेई. या धंद्यातली उमेदवारी अशी शब्दांवाचून चाले.

आता जो विषय बोलताना जीव जड होतो तो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. आपल्या शाळेच्या दिवसांविषयी त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, बसायला गोणपाट घरून न्यावे लागे आणि ते परत घरी आणावे लागे, कारण शाळेचा झाडूवाला त्याला शिवत नसे. आणि तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे, म्हणजे शिपाई नाही त्या दिवशी पाणी नाही. त्या काळात इलाख्यातल्या किती वर्गांत नवा शिक्षक पहिल्या दिवशी शिरला असेल आणि त्याने दाराशी वेगळे बसलेले मूल पाहिले असेल! काहींनी ते पाहून न पाहिल्यासारखे केले. काहींनी त्या मुलाला आत घेतले आणि गावाचा रोष पत्करला. पुष्कळांनी त्याची पाटीदेखील दुरूनच तपासली. शिक्षकांच्या इतिहासात ही नोंद असलीच पाहिजे, आणि ती सौम्य करून लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. हुकूम राजाचा, पण तो अमलात यायचा होता वर्गात, आणि तो आणायचा होता मास्तराने, ज्याच्या शाळेत दुसऱ्या दिवशी एका मुलाशेजारी दुसरे मूल बसणार की नाही, हे त्याच्या एका वाक्यावर ठरणार होते.

शहरातल्या शाळांची गोष्ट निराळी, आणि ती पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून टिळक आणि नामजोशी यांच्यासह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. आपटे आणि आगरकर येऊन मिळाले. हे सारे तरुण, आणि सारे नवे शिक्षक. आगरकरांनी आईला लिहिलेल्या पत्रातून, मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा तिने सोडावी, असे कळवले होते, हे सर्वश्रुत आहे. मार्च १८८२ मध्ये विष्णुशास्त्री गेले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील अब्रूनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. आणि ज्यांनी कोठडी वाटून घेतली त्यांनाच पुढे वेतनाचा, नियमांचा आणि समाजसुधारणेचा प्रश्न एका खोलीत बसून सोडवता आला नाही. १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. सहकाऱ्यांचे नाते आपत्तीत घट्ट राहते आणि रोजच्या कामात झिजते, याचे इतके दुःखद उदाहरण आपल्या शिक्षणाच्या इतिहासात दुसरे नसावे, आणि दोन्ही बाजूंविषयी मनात आदर असल्यामुळे ते वाचताना आजही हळहळ वाटते.

त्यानंतर जवळजवळ पिढीभराने, १९२४ मध्ये, पालगडचा एक लाजाळू तरुण अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आला आणि छात्रालयाचेही काम त्याच्याकडे आले. पांडुरंग सदाशिव साने त्याचे नाव. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त, अंथरुणे पसरलेली. साने गुरुजींनी कोणाला शब्दाने बोल लावला नाही, मुले शाळेत गेली की स्वतः खोल्या झाडल्या, वळकट्या बांधल्या, कोणाचे कपडे धुऊन वाळत घातले. मग त्यांनी मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' सुरू केले, आणि घरापासून दूर आलेल्या मुलांना सकाळी उठल्यावर आपल्यासाठी कोणी तरी भल्या पहाटे जागून लिहिलेले वाचायला मिळू लागले. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. शिक्षकी जेमतेम सहा वर्षांची.

१९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने शाळा लोकल बोर्डांकडे गेल्या, १९४७ मध्ये नवा कायदा आला, आणि स्वातंत्र्यानंतर ज्या वाड्यावस्त्यांनी कधी शाळा पाहिली नव्हती तेथे एकेक नवा मास्तर जून महिन्यात जाऊन उभा राहिला. खात्याच्या भाषेत तो व्हर्नाक्युलर फायनल पास. गावाच्या भाषेत, पंतोजी आणि मास्तर या दोन जुन्या संबोधनांच्या पुढचे, 'गुरुजी'. पहिल्या दिवशी मुलाला हाताला धरून आणणाऱ्या आईला मुलाचा जन्म अमुक दुष्काळात, अमुक जत्रेच्या आगेमागे, थोरली बैलजोडी घेतली त्या साली, इतकेच सांगता येई. गुरुजी मुलाकडे नीट पाहत, डोक्यावरून उजवा हात फिरवून डाव्या कानाला पोचतो का ते बघत, मनाशी सहा वर्षे मोजत आणि दाखल्याच्या रकान्यात जन्मतारीख लिहीत: १ जून. महाराष्ट्रातल्या किती तरी वृद्धांचा वाढदिवस आजही एकाच दिवशी येतो, आणि निवृत्तीच्या कागदापासून मतदारयादीपर्यंत ज्या तारखेला ते आपली म्हणत आले, ती त्या दिवशी शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुणाने, समोर उभ्या असलेल्या अनोळखी पोराचे तोंड न्याहाळून, टाक दौतीत बुडवून लिहिलेली असते.